तीन गेटं आणि सदतिसावं गीत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा चर्चच्या मंडळीचा निवृत्त पाळक व गीतकार, आज कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता माझ्या पश्चात काय व्हावं ते या कागदावर लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरांनी शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावून तशी खात्री करून घेतली. मी आकडे म्हटले आणि वर दोन कडवी म्हणून दाखवली, ती त्यांनी मागितली नव्हती. हा मजकूर लिहून घेणारी माझी भाची वकील आहे. "मामा, गीतकार हा धंदा होत नाही," असं ती म्हणते. मी दोनशे अकरा गीतं लिहिली आहेत. मंडळीचं गायनपुस्तक उघडलं तर दर तिसऱ्या पानावर मीच आहे. तेव्हा शब्द राहू द्यावा.

कलम एक. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढचा व्हरांडा, माझ्या पत्नीला. ती आहे तोवर "आता आमच्याकडेच राहायला या" असा तगादा कोणीही तिच्यामागे लावू नये. कुंपणाला तीन लोखंडी गेटं आहेत आणि आत यायची वाट एकच आहे. बाकीची दोन कशाला, असं विचारून आल्यागेल्यांनी तिला भंडावून सोडलं आहे. त्याचा खुलासा कलम पाचमध्ये केला आहे. गेटं काढू नयेत.

कलम दोन. पायपेटी मुलीला. डावीकडचं पेडल कुरकुरतं, त्याला तेल द्यावं. ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते. हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण पोर शेफारेल असं वाटायचं. आता ती पन्नाशीला आली, शेफारली तरी हरकत नाही.

कलम तीन. गीतांच्या चौदा वह्याही तिलाच. अट एकच, माझ्या शब्दांना कोणी हात लावायचा नाही. नव्या गायनपुस्तकासाठी समिती बसली की काही जणांचे हात शिवशिवतात. त्यांनी स्वतःची गीतं लिहावीत आणि ती हवी तेवढी सुधारावीत. मी चर्चभोवती फेऱ्या मारत लिहिलं, एका फेरीला एक ओळ, आणि ओळ जमली नाही तर आणखी एक फेरी. शाईपेक्षा माझ्या चपला जास्त झिजल्या. लग्नाला माझं गीत, बाप्तिस्म्याला माझं गीत, मातीला माझं गीत. माझं नाव ठाऊक नसलेली माणसंसुद्धा भांडी घासताना माझ्या ओळी गुणगुणतात, मी खिडकीखालून जाताना स्वतः ऐकलं आहे. याचा मला अभिमान आहे. पाळकाने नम्रच असावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी दुसरा पाळक बघावा.

कलम चार. कारभारी समितीतले एक ज्येष्ठ, ज्यांना अख्खी मंडळी 'दोन मिनिटं' म्हणते, कारण तीस वर्षं त्यांनी माझ्या प्रत्येक प्रवचनात पहिल्या बाकावरून मला दोन बोटं दाखवली, त्यांना माझं मनगटी घड्याळ. ते सात मिनिटं मागे पडतं. दुरुस्त करू नये.

कलम पाच. इथे भाचीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मामा, मृत्युपत्रात वस्तू द्यायची असते, गोष्ट नाही सांगायची." मी म्हटलं, "तू लिही गं."

चर्चच्या समोर गेट आणि ग्रिल बनवायचं वर्कशॉप आहे. त्याच्या मालकाला सगळे ग्रिलवाला म्हणतात. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लोखंड ठोकून ठोकून एक कान गेलेला आणि दुसरा जायच्या बेतात. सुराशी त्याचा संबंध नाही, पण गाण्याची हौस अशी दांडगी की तो गायला लागला की पुढच्या बाकांवरची माणसं दचकून मागे बघायची. नवं गीत झालं की मी पहिल्यांदा त्याच्याकडे जायचो. मी वाचायचो, मग तो गायचा. त्याचा दम जिथे तुटेल तिथे मी ओळ तोडायचो. "पाळकसाहेब, हे काही तोंडात बसत नाही बुवा," असं तो म्हणाला की मी तणतणत घरी यायचो आणि मुकाट्याने शब्द बदलायचो. त्याला जमलं की सगळ्या मंडळीला जमणार, हा माझा हिशेब होता. पहिली एकशे अठरा गीतं अशी तयार झाली.

बावीस वर्षांपूर्वी रेडिओवाले आमची उपासना रेकॉर्ड करायला आले. सदतिसावं गीत घ्यायचं ठरलं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं:

सकाळ आली दाराशी ही, दार उघडुनी घ्या रे;
गळा असो वा नसो कुणाला, सारे मिळून गा रे.

उपासनेआधी मी ग्रिलवाल्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "आज तू नुसते ओठ हलव." वरच्या दोन ओळी लिहिणाऱ्या माणसाने हे म्हटलं. तो म्हणाला, "बरं."

त्या रविवारपासून आजतागायत तो नुसते ओठ हलवतो. एक रविवार चुकवत नाही. उभा राहतो, बरोबर पान काढतो, ओठ हलवतो. मी आजच्यापुरतं म्हणालो होतो. पण पुढच्या रविवारी "आता गा" म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि त्याच्या पुढच्या रविवारी ते आणखी अवघड झालं. निवृत्त होईपर्यंत मी हे व्यासपीठावरून बघितलं. निवृत्तीनंतर मी त्याच्या मागच्याच बाकावर बसतो. पान उलटल्याचा आवाज तेवढा येतो. गीत रेडिओवर लागलं तेव्हा लोकांनी माझी पाठ थोपटली. पत्नी एवढंच म्हणाली, "अहो, लिहिता एक आणि करता एक." लाज वाटते मला.

क्षमेवर मी एकवीस प्रवचनं केली आहेत. मागितली एकदाही नाही. मागायला म्हणून दोनदा वर्कशॉपात गेलो. "काय पाळकसाहेब?" असं त्याने विचारलं, आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडून निघालं, "एक गेट हवं होतं." दुसऱ्यांदा तो माप घ्यायला आला आणि म्हणाला, "अहो, इथे तर मागे भिंत आहे." मी म्हटलं, "असू दे." त्याने गेट उत्तम बनवलं.

शेवटची त्र्याण्णव गीतं मी कोणालाही आधी न ऐकवता लिहिली. ती पुस्तकात आहेत, पण मंडळी ती गात नाही. गाताना लोकांना धाप लागते. हे कबूल करणं मला जड जातं, भाचीने ते मोठ्या अक्षरात लिहू नये.

सबब माझ्या दफनाच्या वेळी सदतिसावं गीत म्हणावं. पहिलं कडवं एकट्या ग्रिलवाल्याने म्हणावं, पेटीशिवाय, पूर्ण आवाजात. तोवर बाकीच्यांनी गप्प राहावं. कोणी हसलंच, तर त्याला बाहेर नेण्याची जबाबदारी 'दोन मिनिटं' यांच्यावर राहील.

कलम सहा. या सगळ्याची अंमलबजावणी भाचीने करावी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असा कायदा ती सांगते. म्हणून ग्रिलवाल्याला मी काही देत नाही, फक्त काम सांगतो, आणि साक्षीदार म्हणून त्यालाच बोलावलं आहे. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, असंही ती सांगते. तरी मी त्याला तो वाचायला देणार आहे. वाचून दाखवायची माझी छाती नाही. तो वाचेल तोवर मी व्हरांड्यात उभा राहीन आणि सहीपुरता आत येईन.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली, खिडकीजवळचं टेबल.
तारीख: अठरा, बुधवार, दुपारचे चार.

(सही) पाळक व गीतकार

साक्षीदार पहिला, शेजारचे डॉक्टर: लिहून देणारे पूर्ण शुद्धीवर आहेत, जरा जास्तच. (सही)

साक्षीदार दुसरा, ग्रिलवाला: सगळं वाचलं. पाळकसाहेबांनी माझ्यासमोर सही केली, मीही करतो. पण काही गोष्टी चुकीच्या लिहिल्यात. मी गायचं सोडलेलं नाही. वर्कशॉपात कटर चालू केला की गातो, कोणाला ऐकू जात नाही. दोनशे अकराच्या दोनशे अकरा पाठ आहेत. शेवटची त्र्याण्णव वाईट नाहीत. एकशे चव्वेचाळीस तर फार चांगलं आहे, तिसऱ्या ओळीला तेवढा दम पुरत नाही, ती मधे तोडा. राग होता, खूप होता. दोन्ही वेळा कशाला आलात ते मला कळलं होतं, पण म्हटलं, बोलू दे त्यांनाच. आता कलम पाचबद्दल. तुम्ही गेल्यावर मला गायला जमायचं नाही, मी रडत बसेन. या रविवारी गातो. (सही)