उजवा गुडघा

३ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझ्या पागेतल्या सातही शिंगरांच्या गुडघ्यांची सोनोग्राफी करायची म्हणतेस. घोड्यांची डॉक्टर झालीस आणि आत्याला शिकवायला निघालीस, ठीक आहे. चाळीस वर्षं मी रोज सकाळी डावीकडे उभी राहून प्रत्येक पायावरून हात फिरवते. सूज, ऊब, सांध्यातलं पाणी, या हातातून काही निसटलेलं नाही. एक्स-रेही स्वच्छ आहेत.

तरी ये. फक्त मागचे डावे पाय तपास. सगळी शिंगरं डावीकडूनच हाताळलेली आहेत. उजवीकडे गेलीस तर लाथ खाशील आणि तुझा बाप मला बोलेल. आई गेल्यावर बाटलीने वाढवलेली माझी तांबडी आता सात महिन्यांची झाली. पुढच्या एक तारखेपासून ती सरावाच्या रिंगणात धावायला जाईल, त्याआधी उरक.

स्वतःचा टॉवेल आण. बाकी माया आहे तेवढीच आहे.
तुझी आत्या

१४ जून

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून घरी पोचल्या पोचल्या लिहिते आहे. तू चहा टाकायला गेलीस तेव्हा मी तांबडीचा उजवा गुडघाही तपासला. लाथ खाल्ली. मांडी निळी झाली आहे. बाबांना सांगितलेलं नाही.

सोबत चित्र पाठवते. काळा पट्टा ती हाडावरची मऊ कूर्चा, खालची पांढरी रेघ ते हाड. रेघेच्या मधोमध खळगा आहे, तो बघ. तिथल्या कूर्चेचं हाड व्हायचं राहून गेलंय. तुझा हात चुकला नाही; अजून सूजच नाही, तर हाताला काय लागणार? एक्स-रे मात्र मी पुन्हा पाहिले. सातही डाव्या पायांचेच आहेत.

ती रिंगणात गोल धावू लागली तर तिथला तुकडा सुटू शकतो, मग ती जन्माची लंगडी. आठ आठवडे छोट्या कुंपणात ठेवलीस तर या वयात खळगा आपोआप भरूही शकतो. हमी देत नाही. माझ्यावर हवी तेवढी रागव, पण तिला धावू देऊ नकोस.

राग ओसरला की थोडी माया इकडेही वळव.
तुझी भिंगरी

२ जुलै

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. तिसऱ्या दिवशी रिंगणाच्या मास्तरांना नाही म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं, शिंगरू खणखणीत चालतंय. मलाही तसंच दिसतंय, त्याचीच तर भीती वाटते.

तांबडी रुसली आहे. कुंपणाच्या फळ्या कुरतडते आणि मला पाठ दाखवते. मी आता रोज उजवीकडून जाते. पहिल्या दिवशी ती दचकली, तिच्याहून जास्त मी. इतकी वर्षं या बाजूला उभीच राहिले नव्हते.

भरेल ना गं तो खळगा? खोटं लिहू नकोस.
आत्या

१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

परवा तू सोनोग्राफीचा प्रोब माझ्याच हातात दिलास आणि मी नंतर तुला चहाही न विचारता वाटेला लावलं, म्हणून तू बापाला विचारलंस म्हणे, आत्या दुखावली का. दुखावले नाही. चहाचं भानच राहिलं नाही.

जेल लावलेल्या गुडघ्यावर प्रोब टेकवला आणि ती रेघ पडद्यावर आली. खळगा होता तिथे तळापासून पांढरं वर चढत होतं. जवळजवळ काठापर्यंत. तांबडी मान खाली घालून गवत खात होती. आपल्या आत हाड बांधलं जातंय याचा तिला पत्ताही नव्हता. चाळीस वर्षं मी पाय चाचपले, पण तो पाय अजून घडतोय हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बघता बघता प्रोब माझ्या हातून सरकला, चित्र हललं, आणि तू म्हणालीस की मशीन जुनं आहे. तेवढ्यासाठी तुझे आभार.

आणखी चार आठवडे धीर धरते. मास्तरांना तोंड फुगवू दे. उरलेल्या सहा जणांचे उजवे पाय पुढच्या पंधरवड्यात तपासू. मी धरीन, तू लाथा चुकव.

आज सकाळी गेले तर तांबडी उजवीकडे मान वळवून माझी वाट बघत होती.

टॉवेल विसरलीस. धुऊन ठेवला आहे. त्या निमित्ताने लवकर ये.
तुझी आत्या