आप्पा पटत नाहीत

३ जून २०२४, नौबाद

कादंबरी परत आली! लातूरच्या प्रकाशकांकडून, संपादक तानाजी सरांच्या लाल शेऱ्यांसकट. "बाकी छान. पण बापाचं पात्र पटत नाही. शेजाऱ्याच्या मुलीला स्वतः उदगीरला नेऊन कॉलेजात घालणारा माणूस पोटच्या मुलीला कसा अडवेल? दोन्हीपैकी एक ठेवा."

पटत नाही म्हणे! मला तरी कुठं पटलं होतं? पण घडलं तसंच. मी अठराची होते, डी.एड.ला नंबर लागला होता. आप्पांनी मला हुलसूरच्या घरी बसवलं आणि शेजारच्या गुरुबसवअण्णांच्या पोरीला बसमधून उदगीरला सोडून आले. आप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. माझा राग गेलेला नाही. आज ब्लाउज शिवते आणि फावल्या वेळात त्यांच्यावर लिहिते.

५ जून

मापाच्या वहीत पुढे गिऱ्हाइकांची मापं, मागे माझ्या पात्रांची — कोण कशावर चिडतं, कोण काय कधीच करणार नाही. सगळ्यांची पानं भरलीत. आप्पांच्या पानावर दोनच ओळी, त्याही एकमेकींशी भांडणाऱ्या.

भरणार कुठून? आमच्या घरी लेकीनं बापाला थेट विचारायची रीतच नव्हती. आईला सांगायचं. "घालते त्येंच्या कानावर," म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी निकाल आणायची. सहल असो, मैत्रिणीचं लग्न असो — "आप्पा न्हाई म्हनले." डी.एड.लाही तेच. "आप्पा न्हाई म्हनले. आता रडून काय व्हतंय?"

९ जून

गुरुबसवअण्णांचं प्रकरण कादंबरीतून काढून टाकलं. अकरा पानं! अण्णांशी कानडीत बोलताना आप्पा खळखळून हसायचे, तेही काढलं. आता बाप पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखा, दगड. वाईट वाटेल असं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू — मजा आली.

२० जून

तानाजी सरांचा फोन. "आता कसा माणूस उभा राहिला!" पुस्तक स्वीकारलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिलं पुस्तक! ह्यांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१ सप्टेंबर

प्रूफं आली. आणि आईही आली! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, धनराज तिला इथं सोडून गेला. भावाला बहीण अशाच वेळी आठवते. डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं आधीच कमी दिसतं. "मोठ्यानं वाच की. बसून बसून कटाळा यायलाय."

३ सप्टेंबर

आज सातवं प्रकरण वाचलं. त्यात बाप म्हणतो, "पोरीच्या जातीला कॉलेज कशाला पाहिजे?" आई ताडकन उठून बसली.

"असं कवा म्हनलेत त्येनी?"

"तुलाच म्हणाले असतील ना. मला कुठं सांगत होते काही."

"न्हाई. असं बोलायचं येतच नव्हतं त्येन्ला."

मी चिडले. मग कसं म्हणाले ते सांग, तसं लिहिते! ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवलीसुद्धा नाही. जिवंतपणी नवऱ्याशी दोन शब्द धड बोलली नाही आणि आता त्यांची बाजू घ्यायलीय. मलाच का नेहमी खोटं ठरवायचं?

४ सप्टेंबर

प्रूफं सही करून कुरिअरनं पाठवली. एक अक्षर बदललं नाही. सोमवारी छापायला घेणार.

५ सप्टेंबर

आईचा अबोला चालूच. माझाही.

६ सप्टेंबर

सकाळी चहा घेता घेता आईच बोलली. "कामून लिव्हलीस त्येंच्यावर तसं? त्येन्ला मी सांगितलं व्हतं, पोरगीच जायला न्हाई म्हनायलीय म्हनून. तू गेली असतीस तर त्या घरात मला कोन व्हतं, शिवकन्या?"

आप्पा काय म्हणाले, विचारलं.

"काय न्हाई. तुझ्यासाठी नवी ट्रंक आनली व्हती. ती उचलून अण्णाच्या पोरीला देऊन आले."