एका आवाजाचं पाणी

३ मार्च १९८६, लातूर

सकाळच्या एसटीनं नांदेडहून आलो. कॉलेजातले मित्र म्हणाले, रामकिशन, वर्गातली खुर्ची सोडून दुष्काळाची खुर्ची कशाला घेतोस? हसलो. मला हीच हवी होती.

जिल्हा वेगळा होऊन चार वर्षंही झाली नाहीत. भिंतींना अजून चुन्याचा वास आहे. मध्यवर्ती पाणी कक्ष तिसऱ्या मजल्यावर. मोठा नकाशा, टेबलावर काळा फोन, शेजारच्या खोलीत फोन जोडून देणारा चांदपाशा. तो चहा घेऊन आला आणि म्हणाला, "सायेब, कंधारच्या सभेत तुमची तकरीर ऐकलो मी. लाऊडस्पीकर बंद पडला, तरी मागच्याला बी ऐकू आलं!"

आजपासून जिल्ह्यातली प्रत्येक टाकी या खोलीतून उघडेल आणि या खोलीतूनच बंद होईल. गावाचा अधिकार काढून घेताय, असं काहीजण म्हणतात. त्यांनी आधी सांगावं, गाव म्हणजे कोण? टाकीची किल्ली ज्याच्या कमरेला आहे तो? की नळाखाली रिकामा हंडा धरून शेवटी उभी राहणारी माझी आई? देवणीकडच्या आमच्या बौद्धवाड्यात पाणी नेहमी सगळ्यांचं झाल्यावर आलं. ते आता संपलं.

११ मार्च

पहिलीच लबाडी पकडली. तहसिलीचा खोटा शिक्का मारलेली चिठ्ठी दाखवून एका पुढाऱ्यानं दोन दिवसांचं पाणी आपल्या मळ्यात सोडून घेतलं.

मी नियमच बदलला. चिठ्ठी बंद. शिक्का बंद. प्रत्येक टाकीवर फोन बसलाच आहे, हुकूम माझ्या तोंडून जाईल. वीस वर्षं गावोगाव भाषणं केली. माझा आवाज कुणाला ओळखावा लागत नाही. चेहऱ्यावर जायचं नाही, नात्यावर जायचं नाही, फक्त आवाज. हाच नियम इमारतीच्या फाटकालाही लावला; कुणाला सोडायचं ते फोनवर माझा आवाज सांगेल.

दुपारी आईनं टाकीवरून फोन केला. आज आपल्या नळाला आपल्या आधी कुणी नव्हतं म्हणाली. मग टोमणा मारलाच: "ल्हानपणी तू रडलास की शेजारचं गाव जागं व्हायचं रामा. आता कुठं कामाला आला तुझा आवाज."

खोलीत कुणी नव्हतं. मी रडलो.

२४ मार्च

दिवसभर बोलतो. एका गावाचं संपलं की दुसरं. काल घसा बसला. डॉक्टरांनी आठवडाभर तोंड उघडू नका म्हणून बजावलं. आज फोनला हात लावला नाही. जिल्हा तहानेला राहणार या विचारानं जेवणही गेलं नाही.

संध्याकाळी चांदपाशा खुशीत आत आला. म्हणाला, आजच्यासारखं काम कधीच झालं न्हाई सायेब, एक गाव चुकलं न्हाई.

कागदावर लिहून विचारलं, हुकूम कुणी दिले? त्याला मी थट्टा करतोय असं वाटलं.

२७ मार्च

आज रिसीव्हर हळूच कानाला लावला.

मी बोलत होतो.

मोठ्या वाक्याआधी मी क्षणभर थांबतो, ते थांबणंसुद्धा होतं. फक्त श्वास नव्हता. एकामागून एक गावं, कुठंही श्वास न घेता.

चांदपाशाला ओढत आणलं. माझं तोंड मिटलेलं, फोन ठेवलेला, आणि शेजारी त्याच्या यंत्रातून माझा आवाज औसा तालुक्याला हुकूम देतोय. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. आलेला हुकूम जोडून द्यायचा, एवढंच माझं काम हाय सायेब, म्हणाला आणि जाग्यावर जाऊन बसला.

तार उपटली. आवाज थांबला नाही.

२ एप्रिल

वरिष्ठांचं अभिनंदनाचं पत्र. जिल्हा घड्याळासारखा चालतो म्हणे.

आणि आज त्या आवाजानं आमच्या गावची टाकी बंद केली. मलप्पाला, टाकी सांभाळणाऱ्याला, समजावत होता— जिल्हा एक देह आहे, बोटासाठी काळीज थांबवता येत नाही. वाक्य माझंच. उदगीरच्या सभेत याच वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

तार पुन्हा जोडून मलप्पाला फोन लावला. घशातून नुसती खरखर निघाली. रामकिशन बोलतोय, टाकी उघड, म्हणालो. तो उखडला. "कोण बे तू? सायबाचा आवाज मला ठाव न्हाई व्हय? ठेव फोन!"

चांदपाशाबरोबर चिठ्ठी पाठवली. मलप्पानं ती त्याच्यादेखत फाडली. नियमानं बरोबर केलं त्यानं.

४ एप्रिल

गावाला जायला निघालो. स्वतःच्या हातानं उघडीन टाकी.

फाटकावर निवृत्ती आडवा आला. हवालदार, भला माणूस. हात जोडून म्हणाला, कक्षातल्या कुणालाबी सोडू नको म्हणून तुमचाच फोन हाय. मी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. तो कळवळला, पण हलला नाही. "चेहऱ्यावर जायचं न्हाई म्हणून तुम्हीच सांगितलंत ना सायेब."

माझ्यासमोर वर फोन लावून विचारलं त्यानं. वरून माझ्याच आवाजात 'नाही' आलं.

६ एप्रिल

आमच्या बौद्धवाड्यात पाणी नाही, आज पाचवा दिवस. विहिरीच्या तळाला चिखल. चांदपाशा फाटकावर आलेला डबा आणतो, डोळे वर करत नाही. पाण्याचा तांब्या ठेवून जातो. माझ्यापुढं भरलेला तांब्या—

प्यायलो.

घसा परत येत नाही. डॉक्टरला बोलवा म्हटलं. डॉक्टर आला नाही. सायेब बरे आहेत, असं फोनवर त्यालाही—

७ एप्रिल

आरडाओरडा केला खिडकीतून. खाली लोक थांबले. वर बघून हसले. एकजण म्हणाला, दुसऱ्या कुण्या खेड्याचा दिसतो, सायबाकडे पाण्याला आलाय.

८ एप्रिल

आई टाकीवर आली आहे. फोनवर आहे. रिसीव्हर माझ्या कानाला आहे, डाव्या हातानं. उजव्यानं लिहितोय.

ती ओळखेल. तिनंच ओळखलं पाहिजे. जगानं नाही ओळखलं तरी—

म्हणतेय, रामा, लेकरं पाण्यावाचून निपचित पडलीत. तो गोड बोलतोय. माय म्हणतोय. मी तिला माय म्हणतो, त्याला कसं— दोन दिवस धीर धर म्हणतोय.

ओरडलो. आई, तो मी नाही. मी इथं आहे. टाकी फोडा. कुणाला विचारू नका, दगड घ्या आणि फोडा. घसा फाटला, रक्त आलं, पण बोललो, सगळं बोललो—

ती थांबली.

ऐकलं तिनं. ऐकलंच.

म्हणाली, रामा, मधीच कुणीतरी खाकरून राहिलंय बाबा, तुझं बोलणं ऐकू येईना.

तो म्हणाला, हो माय. ती लाइन मी आत्ता बंद कर—