पास झालेल्याची पुस्तकं

अवसरी खुर्द
११ फेब्रुवारी २००९

प्रिय गोरखदादास,

भरतचा वाकून नमस्कार. मी बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे? वहिनींनी पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू खोलीतल्या पोरांनी एका बैठकीत उडवले, माझ्या वाट्याला डबा घासायचा आला. इकडे कॉलेजच्या परीक्षा जवळ आल्यात, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानात आम्हाला मान वर करायला फुरसत नाही.

मी त्या दुकानात काम करतो हे तुला माहीत नव्हतं. आता लिहून गेलं, तर राहू दे.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोन केला होता रे. तू उचलून "बोला फौजदारसाहेब" म्हणालास, मागं गॅरेजातली माणसं हसली, आणि मी "नंतर करतो" म्हणून ठेवून दिला. पुन्हा लावायची हिंमत झाली नाही. हे पत्र आळेफाट्याला निघालेल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरकडे देतोय.

दादा, रविवारचा सत्कार मोड. मी फौजदार झालेलो नाही.

तुझ्या गॅरेजातल्या सावळारामनं जुना टेम्पो विकायला म्हणून नेटवरची ती जुन्या वस्तूंची साइट उघडली आणि माझी जाहिरात तुला दाखवली. जाहिरात माझीच आहे, तिच्यातलं खरं नाही एवढंच. तुझ्याकडं सारखं मागायला नको वाटायचं, म्हणून मी आधी पिक्चरच्या सीड्या नेटवर विकल्या. तू सीडी प्लेअरबरोबर दिलेल्याही त्यात गेल्या. मग फौजदारकीच्या परीक्षेची पुस्तकं टाकली, तर त्यांना कुत्रं विचारेना. आमच्या खोलीतला एक पोरगा म्हणाला, नापासाची पुस्तकं कोण घेतंय, पास झालेल्याची म्हण, हातोहात जातील. मी तसं टाकलं. संध्याकाळपर्यंत चार फोन आले.

पुस्तकं डिंभ्याच्या एका पोरीनं घेतली, प्राची नाव. वडलांना घेऊन न्यायला आली. धर्माजी नाव त्यांचं, धरणावर मासेमारी करतात. तिला म्हणाले, "सायबांच्या पाया पड." ती पडली. मी मागं सरकायला पाहिजे होतं, दादा. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "अभ्यास कर" म्हणालो. त्यांनी माझ्यासाठी मासे आणले होते, ते मी घेतले आणि रात्री कालवण करून खाल्ले.

एवढंच असतं तरी मी कसंबसं गिळलं असतं. पण त्या पुस्तकांतली पहिली थोडी पानं सोडली तर मी काही वाचलेलं नव्हतं. कोरी पुस्तकं पास झालेल्याची कशी वाटतील, म्हणून विकायच्या आधी बसून पट्टीनं लाल रेघा मारल्या. कुठंही मारल्या. हाताला येईल त्या ओळीखाली. परवा तिचा फोन आला, "सर, तुमचं लाल केलेलं सगळं पाठ झालं, आता काय करू?" मी म्हणालो, उजळणी कर. साहेबासारखाच म्हणालो. फोन ठेवल्यावर मला स्वतःची किळस आली.

आता राहिलेलंही सांगतो. मी नापास झालेलो नाही. मी पेपरला बसलोच नाही. तू डबा घेऊन पुण्याला परीक्षेला सोडायला आला होतास, गेटपाशी माझी पाठ थोपटलीस आणि माघारी फिरलास. तू वळल्यावर मी शेजारच्या बागेत जाऊन बसलो. डबा तिथंच खाल्ला. काही येत नव्हतं आणि तू पाठ थोपटत होतास, ते मला सोसलं नाही.

तू पेढे वाटलेस हे सावळारामकडून कळल्यापासून मला जेवण जात नाही. लोक तुला काय म्हणतील ते मला दिसतंय. माझं काय, मी तोंड लपवून इथं राहीन, तुला त्याच फाट्यावर रोज गॅरेज उघडायचंय. मला शिव्या दे, पण आईला तू सांग. तुझं ती ऐकून घेईल.

तुझा अपराधी,
भरत


आळेफाटा
१३ फेब्रुवारी

भरत,

पत्र पोचलं. गॅरेजच्या मागं जाऊन वाचलं.

राग आलाय, लई आलाय. तो समोर आलास की बघू.

पण लाज मलाबी वाटती. सावळारामनं ते दाखवलं तवाच मनात आलं व्हतं, हा पास झाला आसता तर पयला फोन मला आला आसता. तरी मी इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर तू नाय म्हणला आसतास, आन् मला पेढे वाटायचे व्हते. आठ दिस झाले, हाटेलात गेलो की लोक उठून जागा देतात राव. मला ते ग्वाड लागलं. तू "नंतर करतो" म्हणून फोन ठिवलास, तवा तर मला समदं कळलं व्हतं. तरी मी दुसऱ्या दिवशी मांडववाल्याकडं गेलो.

मांडव मोडला. लोकांना मी सांगतो, घाई माझी झाली म्हणून. तू आधी डिंभ्याला जा. येष्टी घावली न्हाई तर कुणाची गाडी माग, पण त्या पोरीला फोनवर सांगू नगस. तिच्या बापासमोर बसून सांग.

मग घरी ये. आई रविवारच्या पुरणासाठी डाळ निवडत बसलीय. सकाळपासनं दोनदा तिच्याम्होरं जाऊन हुबा ऱ्हायलो आन् कपभर च्या मागून माघारी आलो. माझ्याच्यानं व्हत न्हाई. तिला तूच सांग.

तुझा दादा,
गोरख