मेमरीला कुंकू

९ ऑक्टोबर १९९७, गुरुवार
कॉम्प्युटर जोडून झाला. दुकानदार प्रवीणकुमार म्हणत होता, जोडूनच न्या साहेब, बंद पडला तर मी आहे. मी नुसता हसलो. सॉफ्टवेअर इंजिनिअरला स्क्रू पिळायला माणूस कशाला? मॅन्युअल उघडलंसुद्धा नाही.

सुखदाला जयनगरच्या एका छापखान्याने चाचणीचं काम दिलंय. पाककृतींचं हस्तलिखित टाइप करून सोमवारी, वीस तारखेला द्यायचं. पसंत पडलं तर नोकरी. लग्न होऊन पुण्याहून बंगलोरला आल्यापासून बिचारी घरात बसून कंटाळलीय. म्हटलं, नोकरी मिळाली असंच समज.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
आयुधपूजा. गल्लीत स्कूटरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांना हार. घरमालक श्रीधरराव (तीन पिढ्या बंगलोरात) आमचं आयुध बघायला वर आले. म्हणाले, "वरून स्वल्प कुंकू लावा, साकु."

थोडंसं पुरे? मला पटेना. डबा म्हणजे आयुध नव्हे. झाकण काढलं, दोन्ही मेमरी-पट्ट्या उपसल्या, त्यांच्या सोनेरी दातांना ओलं हळदकुंकू भरपूर लावलं आणि परत बसवल्या. सुखदा म्हणाली, आत कशाला? तिचा देवाधर्मावर विश्वास तसा बेताचाच.

११ ऑक्टोबर, दसरा
सुखदाने टायपिंगला मुहूर्त केला. कोशिंबिरी संपायच्या आत निळा पडदा. इंग्रजीत काहीतरी मेमरीबद्दल. तिला समजावलं, नवं मशीन आहे, रुळायला वेळ लागतो.

रात्री पुन्हा निळा पडदा. कोशिंबिरी गेल्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार
कारण सापडलं! खालच्या कृष्णवेणीअक्का, म्हणजे श्रीधररावांच्या मिसेस, इडलीचं पीठ वाटतात तेव्हा करंट खालीवर होतो. खाली जाऊन अत्यंत नम्रपणे सांगितलं की वीस तारखेपर्यंत ग्राइंडर लावू नये. त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी इडल्या आल्या, म्हणजे ग्राइंडर चालूच आहे. इडल्या मात्र उत्तम.

१४ ऑक्टोबर
ग्राइंडर दिवसभर बंद होता. मशीन तरीही बंद पडलं. कालच्या ग्राइंडरचा परिणाम असणार.

१५ ऑक्टोबर, बुधवार
आता व्हायरसवर संशय. सुखदा काम फ्लॉपीवर ठेवते म्हणत होती. सक्त मनाई केली. व्हायरस फ्लॉपीतूनच येतात. सगळं मशीनमध्येच सुरक्षित.

रात्री १०
फाइल उघडली. भाताच्या प्रकरणात भाताऐवजी चौकोन, बाण आणि एक हसरा चेहरा. सुखदा हसली नाही.

१६ ऑक्टोबर
विंडोज पुन्हा घातलं. अर्ध्यात अडकलं. पुन्हा घातलं. आता मशीनवर विंडोज नाही, पण व्हायरसही नाही. ऑफिसात कुणी विचारलं नाही तरी मीच सांगितलं की घरचं मशीन झकास चाललंय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
विंडोज बसलं, तिसऱ्या खेपेला. सुखदाने पहाटेपासून पहिल्यापासून टाइप करायला घेतलं. दुपारी सगळं गेलं. झाकण काढून आत बघ म्हणाली. प्रवीणकुमारला फोन तरी कर म्हणाली. मी म्हटलं, दुकानदाराला शरण जायचं तर शिकलो कशाला? उद्या कॅबिनेटसमोर टेबल फॅन लावणार. मुळात हा उष्णतेचा प्रश्न आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार
फॅन लावला. हस्तलिखिताची पानं घरभर उडाली. सुखदाने ती शांतपणे गोळा केली, पिशवीत घातली, चप्पल घातली. मी म्हटलं, अगं, दोन दिवस आहेत, मी दुरुस्त करतोय ना!

ती म्हणाली, "सुशांत, मला कॉम्प्युटर दुरुस्त झालेला बघायचा नाहीये. मला नोकरी हवीय."

तिने छापखान्यात फोन करून खरं ते सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, आमच्या मशीनवर येऊन करा. इतकं खरं सांगायची काही गरज नव्हती. घर एकदम मोठं वाटतंय.

१९ ऑक्टोबर, रविवार
ती आजही छापखान्यात. शेवटी झाकण काढलं (स्वतःच्या निर्णयाने). पट्ट्या उपसून पाहतो तर दातांवर तांबडा-पिवळा थर! गंज. बंगलोरची हवा दमट, आणि हे परदेशी लोक आपल्या हवेचा विचारच करत नाहीत. सुखदाच्या खोडरबराने घासून काढला. गंजाला हळदीचा किंचित वास येत होता, याचं आश्चर्य वाटलं.

मशीन चालू. रात्रभर चालू. कंपनीला कडक पत्र लिहिणार.

२० ऑक्टोबर, सोमवार
सुखदाने काम दिलं. छापखान्याच्या मालकीणबाई मेघाश्री दोन दिवस तिचं काम बघतच होत्या. उद्यापासून यायला सांगितलं. सुखदा दारातच रडली, मग हसली. मलाही भरून आलं. म्हटलं, बघ, मी म्हटलंच होतं. ती श्रीधररावांकडे पेढे द्यायला गेली.

आता घरच्या मशीनवर ती संध्याकाळीही काम आणू शकेल, असं सुचवलं. नको म्हणाली.

२७ ऑक्टोबर, सोमवार
मशीनच्या अखेरच्या चाचणीसाठी मुद्दाम रजा घेतली. सकाळपासून एकदाही अडकलं नाही. निळा पडदा नाही, चौकोन नाहीत. पत्ते खेळलो. पुन्हा खेळलो. ही बातमी आधी सुखदालाच कळावी म्हणून छापखान्यात फोन लावला.

ती म्हणाली, "अरे, आत्ता कामात आहे. काही महत्त्वाचं आहे का?"

जरा विचार केला. नाही म्हटलं.