कोटीला एकोणतीस कमी

अकोला, पौष शु. ५
दादांची छाती पुन्हा भरली. वैद्य बाहेर येऊन नुसते उपरणं झटकत बसले. दादांना एकच ध्यास. मला जवळ बसवून आकडा सांगितला, दम खात, तुकड्यातुकड्यानं. "याले कशानंच भाग जात नाही. सारं करून पाह्यलं मी. तू मास्तर आहेस, एकदा ताडून पाह्य. ताळा आठ येते." मूल ना बाळ, मागं एवढाच आकडा ठेवायचा म्हणतात.
पाटीवर घेतला: ९९९९९१७. सगळ्या अंकांची बेरीज करत एका अंकावर आणली. आठ. बरोबर.

शु. ६
तेवीसनं भाग गेला. बाकी शून्य. पुन्हा केला, शून्यच. इतकी वर्षं डोकं फोडलं आणि तेवीस निसटला? सांगू नये वाटत होतं. वहिनी म्हणाल्या, "खोटं नका बोलू भाऊजी. त्याइले समजते."
सांगितलं. दादा भिंतीकडे वळले. शाळा उघडते, म्हणून निघालो. निघायला नको होतं.

अमरावती, शु. १३
सगळं गाव कापसाच्या भावानं पिसाळलंय. मला वर्गात फळ्यावर तेवीसच दिसतात. जेवण जात नाही.

पौष व. १
कापसाच्या गाड्यांबरोबर अकोल्याचा गाडीवान आला. वहिनींचा निरोप: दादांनी अन्न सोडलं. "सारखे म्हनून राह्यले जी, कोटीले एकोणतीस कमी, त्याले तेवीस कसा जाईन?"
एकोणतीस? माझा आकडा तर कोटीला त्र्याऐंशी कमी!
नऊशे एकाहत्तर म्हणाले होते ते. एक आधी ऐकला, एक आधी लिहिला. सतरा! याच चुकीला मी पोरांचे कान पिळतो. आणि ताळा काय सांगणार, अंक उलटे झाले तरी बेरीज तीच.
खऱ्या आकड्याला तेवीस लावला. बाकी आठ. देवा, काय करून बसलो मी.

व. २
गाडी नाही. चिठ्ठी धाडून उपयोग नाही, वहिनींना वाचता येत नाही, दादांची नजर गेलेली. तोंडी निरोपात आकडे पुन्हा उलटे व्हायचे. एका गाडीवानाचे पाय धरायचे बाकी ठेवले. "मानूस नेऊन काय भेटते गुरुजी? कापसाचं सोनं होऊन राह्यलं." पायी निघतो.

दर्यापूर, व. ५
टाचा फुटल्या. दादांचा आकडा शेवटपर्यंत टिकतो का, अजून मलाही ठाऊक नाही. निदान तेवीस तरी खोटा, एवढं त्यांच्या कानात पडू दे.
अकोल्याकडून गाड्या येतायत. त्यात दादांच्या गल्लीतला एक गाडीवान दिसला. "ओ गुरुजी!" म्हणून हाक मारली त्यानं. तिकडची खबर कानावर पडायच्या आत मी पटका तोंडावर ओढला आणि झाडामागे गेलो.