दोरीचं दुसरं टोक

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. मरायची मला मुळीच घाई नाही. येत्या अठरा तारखेला मी भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर कायमचा राहायला जात आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काका, एवढ्या लांब निघालात, तर मागचं सगळं निस्तरून जा."

लोक कारण विचारतात, म्हणून नोंदवतो. दंतवैद्यांच्या दवाखान्यातल्या कॅलेंडरवर मी त्या बेटाचं बंदर पाहिलं. निळं पाणी वगैरे ठीक, पण होड्यांवरची नावं इतकी वेडीवाकडी की मी दाढदुखी विसरलो. तिथली लिपी मला वाचता येत नाही, पण अक्षराचा तोल कळतो. बंदराच्या कचेरीला तसं पत्र लिहिलं. लेकीने कपाळाला हात लावून भाषांतर करून दिलं. उत्तर आलं, "एवढं खुपत असेल तर येऊन रंगवा. राहायला खोली आहे." मग कागदपत्रं जमवण्यात दीड वर्ष गेलं.

१) दुकानावरची माझी खोली आणि बँकेत असेल नसेल ते लेकीला. "बाबा, तिथे तुम्हाला ओळखणारं कोण आहे?" असं ती रोज विचारते. तिची काळजी खरी आहे. खोलीची खिडकी जरा उचलून लावावी लागते, हे जावईबापूंना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा लेखी देत आहे.

२) शिडी दंतवैद्यांना. त्यांच्या पाटीवरच्या दाढेला मी एक मूळ जास्त काढलं, हे ते वीस वर्षं ऐकवत आहेत. आता स्वतः वर चढून पुसावं.

३) धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी त्याने आमच्या दोघांच्या दुकानात फ्लेक्स छापायचं मशीन आणलं. मी म्हणालो, "हे आत आलं तर मी बाहेर." तो म्हणाला, "मग मध्ये प्लायवूड ठोकू." ठोकलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

आमच्या कामात ओळ आखायला खडू लावलेली दोरी भिंतीवर ताणून मारतात. तीस वर्षं एक टोक मी धरलं, दुसरं त्याने. नंतर दुसरं टोक मी खिळ्याला बांधत आलो. खिळा बिचारा हूं की चूं करत नाही, पण "दादा, जरा वर घे" असंही म्हणत नाही. ती दोरी आणि खारीच्या केसांचा सहा नंबरचा ब्रश भावाला द्यावा. त्याचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, ती माझी चूक. मला त्याची फार आठवण येते. तो इथेच, चार हातांवर असतो.

४) प्लायवूड हवं त्याने न्यावं. चांगल्या प्रतीचं आहे.

वकीलबाईंची सूचना: ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये; झाल्यास त्याचा वाटा रद्द. म्हणून सही करायला हौसेने आलेल्या दंतवैद्यांना बाहेर बसवलं आहे. वरचा सगळा मजकूर बाईंनी खणखणीत आवाजात वाचून दाखवला. तिसरं कलम चालू असताना पलीकडचं मशीन बंद झालं.

ठिकाण: दुकान, प्लायवूडच्या अलीकडे.
दिनांक: निघण्याआधीचा दुसरा मंगळवार.

सही: पाट्या रंगवणारा

साक्षीदार पहिला: वकीलबाई

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. बाईंनी नियम दोनदा समजावला. तरी सही करतोय, मला वाटा नको. दादा, दोरी आणि ब्रश बरोबर ने. माझे कागद व्हायला वर्ष तरी जाईल. तोवर खिळ्यावर भागव, मग टोक मी धरतो.